भूल कोणी माघारी घ्यायची

४ नोव्हेंबर

आलो एकदाचा घोडेगावात. निघताना पुण्याचे मित्र म्हणाले, म्हशींच्या बाजाराच्या गावी चाललास, एखादी चांगली दुभती बघून ठेव. हसण्यावारी नेलं. इथे येऊन बघतो तर खरंच झकास आहे. दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या, मागे गॅलरी, गॅलरीसमोर ऊसच ऊस, सकाळी गरम भाकरी आणि पिठलं आयतं वर येतं. पुण्याच्या त्या हॉस्पिटलात टाय लावलेलं कोणीतरी पोरगं दर थोड्या वेळाने येऊन विचारायचं, सर, एका पेशंटला इतका वेळ का लागतो. इथे मला कोणी काही विचारणार नाही, कारण कोणाला काही कळतच नाही. मी मजेत आहे.

मी भूलतज्ज्ञ. इथले लोक मला भूलवाले साहेब म्हणतात. जत्रेत तंबू ठोकून बसलेला कोणी गारुडी असावा तसं वाटतं. मालक डॉ. आबासाहेब, बाळंतपणाचे डॉक्टर. पोट सुटलेलं, बोलणं अघळपघळ, पण सुरी धरली की हात चपळ, हे मान्य करावं लागेल. ऑपरेशन थिएटरात हाताशी केशरबाई नावाची मावशी आहे. ती साबणापेक्षा अंगाऱ्यावर जास्त भरवसा ठेवते.

ही रोजनिशी मोबाईलवर लिहितोय. मणक्यात सुई दिली की माझं काम संपल्यातच जमा असतं. बाईच्या उशाशी स्टुलावर बसायचं, पडद्यावरचे आकडे बघायचे आणि आबासाहेबांचे राजकारणावरचे विचार ऐकायचे. तेवढ्या वेळात दोन-चार ओळी सहज होतात.

९ नोव्हेंबर

सिझर म्हणजे काय, हे जिचं पोट फाडायचं तिला सोडून बाकी सगळ्या गावाला माहीत असतं असा इथला थाट आहे. नेवाशाकडचं एक कुटुंब आज गुरुजींनी काढून दिलेला मुहूर्त घेऊन आलं. बाळ अमुक वेळेच्या आत बाहेर आलं पाहिजे, म्हणजे राजयोग. आबासाहेबांनी मान डोलावली. बाईला ना कळा, ना बाळाला काही त्रास. चांगली सरळ बाळंत झाली असती. पण राजा जन्माला घालायचा म्हटल्यावर वाट कोण बघणार. नंतरची जी होती तिचं बाळ आडवं होतं. तिथे सिझर नसतं तर दोघंही गेली असती. तिच्या नवऱ्याचं तोंड मात्र वाकडं. म्हणे नॉर्मल झालं असतं तर बरं दिसलं असतं.

बाई जागी असते हे तर यांना पटतच नाही. कमरेत मणक्याच्या फटीतून केसासारखी सुई, चमचाभरही नाही एवढं औषध, आणि छातीखाली सगळं बधिर. स्पिरिटचा बोळा अंगाला लावत वर वर जायचं आणि विचारायचं, गार लागतंय का. जिथवर गार लागत नाही तिथवर भूल चढली. मग बेंबीखाली आडवा छेद, कातडी, चरबी, पडदे आणि शेवटी गर्भाशय, ज्याला इथे पिशवी म्हणतात. बाळ काढताना आबासाहेब वरून पोट दाबतात. तेव्हा बाई हमखास म्हणते, आत कोणीतरी भांडी घासतंय. मी सांगतो, ओढणं कळतं, दुखणं कळत नाही, गप पडून राहा. रोज तेच सांगून माझी जीभ झिजायची वेळ आली आहे.

१४ नोव्हेंबर

आज कहर झाला. वॉर्डातून जात होतो तर त्या आडव्या बाळाच्या आजीने मला अडवलं. विचारते, भूल माघारी कधी घेणार. मला वाटलं बाई ऑक्सिजनच्या सिलेंडरबद्दल बोलतेय. तर नाही. तिचं म्हणणं, भूल उसनी असते. ज्याने दिली त्यानेच दुसऱ्या दिवशी येऊन माघारी घ्यायची, न्हाईतर ती अंगात बसती.

केशरबाईने मग सगळं पुराण सांगितलं. माझ्या आधीचे डॉ. मुनोत दुसऱ्या दिवशी प्रत्येक बाळंतिणीच्या पायथ्याशी जायचे, तळव्यावर हात ठेवायचे, पाय हलवायला सांगायचे आणि 'घेतली' म्हणायचे. मग थेट नळावर जाऊन हात धुवायचे. लोकांचा जीव भांड्यात पडायचा. आता पाय हलतोय का हे बघणं ठीक आहे, ते सिस्टरही बघते. पण 'घेतली'? एमडी झालेला माणूस, आणि गावच्या अडाणीपणाला असा पाट मांडून बसवतो. मी आजीला सांगितलं, ते औषध असतं, रक्तात विरतं, त्याच दिवशी निघून गेलं. तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू अक्कल माझीच गहाण पडली आहे.

आबासाहेब म्हणाले, म्हणून टाका की, तुमचं काय जातंय. माझं शिक्षण जातं, एवढंच.

२१ नोव्हेंबर

ऊसतोडीवरची एक बाई चार दिवसांपूर्वी दुपारी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आली. सविता, पाथर्डीकडची. उसाच्या कडेला पाचटाची झोपडी, म्हणजे कोपी, करून राहतात ते लोक. पहिलं सिझर झालेलं आणि आता कळा सुरू. जुना टाका पिशवीवर ताणला गेला तर आतल्या आत फाटतो, म्हणून घाई. निभावलं. मुलगा झाला.

सासू लंकाबाई, कपाळभर कुंकू आणि आवाज पत्र्यावर दगड पडावा तसा. दुसऱ्या दिवशी सुनेच्या पायथ्याशी ठाण मांडून बसली. भूल माघारी घेतल्याबिगर हलायची न्हाई म्हणाली. मी बाहेरच्या बाहेर निघून गेलो. आज घरी जाताना ट्रॉलीत चढूनही ती माझ्या गॅलरीकडे बघत होती. मी चहा पीत होतो, तिला कप दाखवला.

५ डिसेंबर

मी येण्याआधी या बायका कुठे तक्रार करायच्या कोण जाणे. आता रोज एकतरी येते. टाक्याभोवती बधिर लागतं, म्हणजे भूल राहिली. अहो, कातडी कापली की बारीक नसा कापल्या जातात, तिथे कित्येक महिने बधिर लागणारच. सांगतो, ऐकतात आणि पुन्हा पायाकडे बोट दाखवतात.

मुहूर्तावरची ती बाई आज आली. राजा मांडीवर रडत होता आणि ही भिंतीकडे बघत बसलेली. तिची आई म्हणाली, लेकरू रडलं तरी हिला काही होत नाही, पाजायला बसवावं लागतं. बाळंतपणानंतर मन उदास होतं, त्यावर औषध आहे, आबासाहेबांनी लिहून दिलं. ती निघताना मला म्हणाली, मला सगळं दिसतं साहेब, पण लागत काहीच नाही. नाटकी वाटली मला. जेवताना मात्र तिचा तो आवाज दोनदा आठवला.

१२ डिसेंबर

सविता परत आली. बाळंत होऊन महिना व्हायच्या आत मुकादमाने तिला उसाच्या फडात उभी केली, आणि हिनेही कोयता उचलला. काल पाचटात पायावर कोयता बसला. अंगठ्याच्या शेजारची दोन बोटं जवळजवळ तुटलेली. ती तशीच मोळ्या वाहत राहिली. लंकाबाईला चपलेत रक्त दिसलं तेव्हा कळलं. सविता सांगत होती, पाण्यात पाय पडला असं वाटलं. आबासाहेब जखम धूत होते आणि ती छताकडे बघत बाळाला थोपटत होती. भूल न देता.

लंकाबाईने मग ओपीडीत गोंधळ मांडला. तुमची भूल हाय, तुमी माघारी घ्या, आमच्या सुनंला लई झाली. बाहेर बाजारचे लोक होते, ते दारात जमले. कोणी मोबाईल काढला. आबासाहेबांच्या कपाळावर घाम. माझ्याकडे बघून त्यांनी हातच जोडले.

मला इतका संताप आला. बारा वर्षं पुस्तकं घासून शेवटी हे. मी सविताचा धुळीने भरलेला दुसरा पाय धरला, वाकून नमस्कार केल्यासारखं नाटक केलं आणि मोठ्याने म्हणालो, घेतली. हिची घेतली, हिच्या आधीच्यांची घेतली, या गावात आजवर जेवढी दिली तेवढी सगळी घेतली, झालं का समाधान. लोक हसले. मी हात रुमालाला पुसले आणि निघालो.

दारापर्यंत पोचलो नसेन तोच सविता ओरडली. पाय जळाला म्हणून आक्रोश. तिघींनी धरली तरी आवरेना. मला वाटलं, आता हिचंही नाटक. पण ती घामाने भिजली होती आणि नाडी धावत होती. असं खोटं करता येत नाही कोणाला.

१३ डिसेंबर

सकाळी जिना उतरताना एक चप्पल वरच राहिली. खाली पोचल्यावर केशरबाईने सांगितलं तेव्हा समजलं. थंडी आहे, पाय बधिर होतात. शिवाय काल त्या बाईच्या ओरडण्याने डोकं उठलं होतं, झोप नीट झाली नाही.

१७ डिसेंबर

स्पिरिटचा बोळा स्वतःला लावून बघितला. घोट्यापर्यंत गार लागत नाही. दोन्हीकडे सारखं, मोजे घातल्यासारखं. शुगर तपासली, चांगली आहे. जीवनसत्त्वाची इंजेक्शनं सुरू केली.

मुहूर्तवाली बाई बाळाला घेऊन पेढे द्यायला आली होती. बाळाचा पापा घेते, रडते, पुन्हा घेते. सगळ्या दवाखान्याला पेढे. मला दोन जास्त दिले आणि पाया पडली. मी पेढा खाल्ला. बाकीचे केशरबाईला देऊन टाकले.

२४ डिसेंबर

गुडघ्याच्या वर.

नगरला जाऊन मेंदूच्या डॉक्टरला दाखवलं. माझ्याच बॅचचा. मणक्याचा एमआरआय स्वच्छ. म्हणाला, तुझं मन थकलंय, थोडी सुट्टी घे, लग्न कर. शहाणाच आहे. टाचणी टोचत होता आणि मी नाही म्हटलं की हसत होता. मी पेशंट असताना किती मूर्ख दिसतो ते तेव्हा कळलं.

कोणाला सांगितलेलं नाही. स्टुलावर बसून काम होतं. चालताना पायांकडे बघत चालावं लागतं, म्हणून खाली मान घालून चालतो. आबासाहेब म्हणाले, साहेब हल्ली नम्र झालात.

२९ डिसेंबर

कंबर गेली. लघवी कधी झाली ते कळत नाही. त्याबद्दल इथे लिहिणार नाही.

शेवटी मुनोतांना फोन केला. बंगळुरूला मुलाकडे असतात. चहा पिताना भुर्र भुर्र आवाज करत होते. लाज गिळून सगळं सांगितलं. कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग एवढंच विचारलं, हात धुतलेस ना. मी म्हणालो, रुमालाला पुसले. तेव्हा म्हणाले, अरे, मग ती नळातून गेलीच नाही, ती तुझ्याकडेच राहिली. मी म्हणालो, आता धुतो. म्हणाले, आता काय धुतोस, आता ती तुझी. त्यांनी म्हणे कधी साठवलीच नाही, त्यामुळे पुढचं त्यांना ठाऊक नाही. प्रकृतीला जप म्हणाले आणि ठेवला.

तरी धुतले. सगळी संध्याकाळ धूत होतो. कातडी सोलवटली. कोपरापर्यंत आग आग. निदान तिथे आग होतेय.

४ जानेवारी

बेंबीच्या वर. सिझरला आम्हाला हवी असते त्याच्या जरा खाली. आणखी चार बोटं वर गेली की माझं पोट फाडता येईल. आबासाहेबांना सांगायला हरकत नाही, मुहूर्त बघून घ्या म्हणावं.

या आठवड्यात दोन-तीन सिझर होती, नगरचा भूलतज्ज्ञ बोलावला. ताप आहे म्हणून सांगितलं. उद्या तो येणार नाही. मलाच —

५ जानेवारी

हे नीट लिहून ठेवतो.

नेवाशाची शिक्षिका होती. दाब वाढलेला, डोळ्यांपुढे चमकतंय म्हणत होती, झटके येण्याआधी बाळ काढणं भाग होतं. नेहमीपेक्षा कमीच औषध भरलं. सुई मणक्यात गेली, पिचकारी दाबली — आणि माझ्या तळव्यांना फरशी लागली. गार फरशी. मांडीवर पँटचं कापड. मी रडलो. मास्क होता म्हणून कोणाला दिसलं नाही.

मग ती म्हणाली, सर, हात जड झाले. एवढ्या औषधाने बेंबीपर्यंतही चढायला नको होती. हातापर्यंत चढली. श्वास उथळ. तिच्या तोंडावर मास्क लावून श्वासाचा फुगा दाबत राहिलो. वाचली. बाळही वाचलं.

दुपारी तिचे पाय हलायला लागले. तिचे हलले आणि माझे गेले. आता काखेपर्यंत.

म्हणजे देता येते. दिली की जाते. उतरली की येते, वाढून येते.

९ जानेवारी

छाती. करंगळी. शेजारचं बोट.

पुस्तकात क्रम आहे. करंगळी, मग मधलं, मग अंगठा. मग खांदे. मग श्वास. मीच पोरांना शिकवायचो. उत्तर चुकलं की बाहेर काढायचो.

एकच विचार येतो. पुढच्या बाईला सगळी गेली — आणि ती उतरलीच नाही — कधीच नाही — तर माझ्याकडे परत यायला —

लिहिलं खरं. पुसत नाही.

११ जानेवारी

टाइप होत नाही. मोबाईलला बोलून दाखवतो, तो लिहितो. माझ्यापेक्षा शुद्ध लिहितो.

आबासाहेबांना सांगितलं, मी जातो. उद्या गाडी येईल. ते म्हणाले, साहेब, तुमच्या मनाचे खेळ आहेत हे. लांब श्वास घ्या.

मी घेतला. पूर्ण येत नाही.

१२ जानेवारी

गाडी आली नाही. त्यात धनश्री आली —

खालच्या वस्तीवरची. पहिलटकरीण. बाळाची नाळ आधी खाली आली, बाळाचे ठोके उतरतायत. नगरचा माणूस यायला तास लागेल. बाळाकडे तास नाही. पूर्ण भूल द्यायची तर घशात नळी घालावी लागते, बोटांत तेवढी ताकद नाही. मणक्याची सुई अंगठा आणि एका बोटाने जमेल.

आबासाहेब स्वतः वर आले. त्यांनी अन् केशरबाईने मला उचलून खाली आणलं. कोणी हसलं नाही. धनश्रीने मात्र मला बघून पदर सारखा केला. तुमाला बरं न्हाई का साहेब, म्हणाली. स्वतःचं मूल जातंय आणि ही —

मोबाईल तिच्या उशाशी ठेवलाय. चालू राहू दे.

जवळजवळ काहीच भरलं नाही पिचकारीत. नावाला थेंब. तरी सुई टोचताना मनात काय होतं ते मला माहीत आहे. घे बाई, घे सगळी. माझ्यासारखा माणूस घडवायला वर्षं लागतात. तुझ्यासारख्या —

गेली.

पाय आले. गुडघे आले. छाती भरून श्वास — देवा रे. बोटं. दहाच्या दहा. स्पिरिट लागलंय एकाला, ते गार लागतंय मला.

आबासाहेबांनी छेद घेतला. मी गार लागतंय का विचारायच्या आधीच ती गप्प झाली. हात गेले. मान गेली. डोळे माझ्याकडे. श्वास नाही. फुगा दाबतोय, दाबतोय, हवा जातेय आत, पण नाडी उतरते आहे. सुया दिल्या. सगळ्या. काही फरक नाही. हे औषध नाही, औषधाने जाणार नाही ते.

बाळ बाहेर. रडत नाही. केशरबाई पाठ चोळतेय.

नाडी अजून खाली. आबासाहेब ओरडतायत, करा काहीतरी, तुम्ही भूलतज्ज्ञ ना.

मी ठणठणीत आहे. मी इथून चालत बाहेर पडू शकतो. पुण्याला. कोणी विचारणार नाही, गावाकडे होतात अशा केसेस, मीच सांगेन, उशिरा आणली होती —

ती बघतेय अजून. डोळ्यांत पाणी आलंय. म्हणजे तिला सगळं कळतंय. आतून सगळं कळतंय आणि —

च्यायला. काय बाई आहे. मला विचारते, बरं न्हाई का.

रडलं. बाळ रडलं.

केशरबाई, हा फुगा धर. असा. दाबत राहा. बाजूला हो. तिचा पाय कुठे — हा. धरलाय.

मूर्खपणा आहे सगळा. लोक हसतील.

घेतली.

घेतली बाई. सगळी.

खोकली. श्वास — स्वतःचा घेतला. नाडी वर, वर. आबासाहेब, टाके घाला लवकर, तिला लागेल आता, वरून इंजेक्शन — केशरबाई, ती निळ्या झाकणाची —

मी खाली बसतो. बसलो. पाय गेले, चालेल.

ती विचारतेय काय झालं. कोणी सांगत का नाही तिला. सगळे माझ्याकडे काय बघताय, तिच्याकडे —

नळ नका सोडू, ही माझीच आहे. उपयोग नाही. खांदे —

धनश्री. इकडे. ऐक. मुलगी. तुला मुल